वाघजाईवाडीची धोप

संग्रहालयात येणारा माणूस आधी वजीरला भ्यायचा आणि मग वाघाला. वाघ पेंढा भरलेला होता, त्याचा एक डोळा कुठल्याशा उन्हाळ्यात गळून पडला होता, त्यामुळे त्याची भीती फार वेळ टिकत नसे. वजीर मात्र जिवंत होता. अंगात खाकी कोट, हातात किल्ल्यांचा जुडगा आणि तोंडात एकच वाक्य, ‘हात लावायचा न्हाई.’ शाळेची पोरं, बाजाराला आलेल्या बाया, रजेवरचे फौजी, सगळ्यांना तो हेच ऐकवायचा. कऱ्हाडच्या खाली, कृष्णेच्या काठच्या त्या तालुक्याच्या गावात कुणी उगाच अडवाअडवी करायला लागला, की लोक विचारायचे, ‘वजीर झालायस व्हय रं?’

पण हा माणूस जन्माने पहारेकरी नव्हता. वजीर महंमद शिकलगार. शिकलगार म्हणजे हत्यारं उजळणारे, त्यांना धार लावणारे लोक. गावच्या इनामदारांना हत्यारं जमवायचा नाद होता. दोनशे तलवारी, कट्यारी, भाले त्यांनी वाड्या-वस्त्यांवरून गोळा केले आणि ते गेल्यावर वारसांनी विश्वस्त मंडळ नेमून त्याचं संग्रहालय केलं. हत्यारांना गंज चढू नये म्हणून वजीरच्या वडलांना, महंमदभाईंना, नोकरीवर घेतलं. त्यांच्यामागे वजीर आला. काम काय, तर फडक्याने तेल पुसायचं. कपाटातल्या तलवारीला धार कशाला हवी? ज्या हातांनी पातं असं उजळावं की नजर घसरावी, ते हात वर्षानुवर्षं तेलाचं फडकं फिरवत राहिले. घरी आल्यावर तो ऊसतोडीच्या कोयत्यांना धार लावायचा तेव्हा कुठे त्याला जरा बरं वाटायचं.

हत्यारांच्या दालनात सातव्या कपाटात एक धोप होती, म्हणजे सरळ, लांब पात्याची तलवार. खाली चिठ्ठी होती, ‘धोप, वाघजाईवाडी.’ चिठ्ठी लिहिणाऱ्या मास्तरांना त्यापुढचं काही ठाऊक नव्हतं. वजीरला सगळं ठाऊक होतं आणि म्हणूनच त्या कपाटाशी तो कुणाला फार वेळ उभं राहू देत नसे.

वाघजाईवाडीत दोन आळ्या, वरली आणि खालली. दोघींचं आडनाव एक, मूळ पुरुष एक, आणि वैर मात्र दोघींना पुरून उरेल एवढं. दसऱ्याला देवीची पालखी सोनं लुटायला शिवेवर जाते, तेव्हा पुढे धोप धरून चालायचा मान कुणाचा, यावरून ते चाललेलं. सत्तेचाळीसच्या दसऱ्याला वरल्या आळीच्या एकाने खालल्या आळीच्या केरबाला शिवेवरच, पालखीसमोर, याच धोपेने तोडलं. खटला झाला. मारणारा येरवड्यात गेला आणि तिथेच वारला. कोर्टाचं काम संपून दोन वर्षांनी हत्यार गावाला परत आलं, तेव्हा ते घरात ठेवून घ्यायला दोन्ही आळ्यांतलं एक दार उघडेना.

शेवटी केरबाची विधवा मनुबाई उठली. तीन वर्षांचा जोतीराम काखेत, धोप घोंगडीत गुंडाळलेली, अशी ती बैलगाडीतून संग्रहालयाच्या दारात आली. महंमदभाईंपुढे तिने घोंगडी ठेवली.

“हिला कुलूप घाला. आन् आधी हिची धार मारा. माझ्या डोळ्यादेखत मारा.”

“आमच्यात धार लावत्यात, बाई. मारत न्हाईत,” महंमदभाई म्हणाले.

“माझा एक गेलाय ह्या धारंनं. हा दुसरा हाय,” ती काखेतल्या पोराकडे बघून म्हणाली.

महंमदभाईंनी मग धोप उचलली आणि पात्याची कड दगडावर उभी धरून मुठीपासून टोकापर्यंत ओढली. एकदा, दोनदा, सात वेळा. तीस वर्षांचा वजीर शेजारी उभा होता. तो आवाज ऐकून त्याचे दात शिवशिवले. मग बापाने धारेच्या दगडावर हात ठेवला आणि म्हणाला, “आमच्या घरातला हात हिला परत धार लावायचा न्हाई.” त्याने वजीरकडे पाहिलं. वजीरनेही हात ठेवला.

मनुबाई गेली ती पुष्कळ वर्षं परत आली नाही. तिने एकटीने शेत कसलं, पोराला वाढवलं, सैन्यात धाडलं. एकाहत्तरच्या लढाईतून तो धडधाकट परत आला. वाडीत दसरा होत राहिला, पालखी निघत राहिली, पण तिच्यापुढे धोप नव्हती, त्यामुळे भांडायलाही काही नव्हतं. चोवीस वर्षं अशी गेली.

त्र्याहत्तरच्या अखेरीस, दुष्काळ नुकता सरला होता तेव्हा, संग्रहालयाला नव्या अधिकारी आल्या. अंजना देशमाने. वाईची मुलगी, बडोद्याला संग्रहालयाचंच शिक्षण घेतलेली, वय सव्वीस. विश्वस्तांनी तिला नेमलं खरं, पण नेमताना ती काय करणार आहे हे त्यांनी विचारलं नसावं. पहिल्याच आठवड्यात तिने ‘हात लावू नये’ असे सतरा बोर्ड उतरवले आणि वजीरला म्हणाली, “चाचा, हे बंबात घाला.”

वजीरला वाटलं, बाईंचं डोकं फिरलंय. महिनाभर तो तिच्याशी धड बोलला नाही.

“वस्तू सगळ्या गावाच्या,” ती म्हणायची, “आणि गावच इथं बिचकत येतं. मग हे संग्रहालय कुणाचं?” बाजाराच्या दिवशी, गुरुवारी, तिने सगळी दारं सताड उघडी ठेवली. पायातलं बाहेर काढायची सक्ती बंद झाली. दालनात जाजम पडलं, चहा आला. आलेल्या माणसाला ती आधी काही सांगत नसे, विचारत असे. ‘तुमच्याकडं याला काय म्हणतात? हे कोण वापरायचं?’ ‘प्राचीन ताम्रपात्र’ अशी चिठ्ठी असलेलं एक भांडं पाहून साळूबाई नावाची बाई इतकी हसली की तिला ठसका लागला. तसली दोन भांडी तिच्या परसात होती आणि त्यांत ती म्हशीला आंबोण द्यायची. अंजनाने जुनी चिठ्ठी फाडली आणि नवीवर साळूबाईचं नाव घालून तिचं म्हणणं लिहिलं. पुढच्या गुरुवारी साळूबाई सगळी आळी घेऊन आली, आपलं नाव दाखवायला.

आणि मग एक दिवस अंजना वजीरला म्हणाली, “चाचा, तुमचं चाक इथं अंगणात आणा. लोकांना बघू दे, हत्यार कसं उजळतात ते.”

वजीरने चाक आणलं. बायको झुबेदा समोर बसून चाकाचा पट्टा ओढायची आणि हा पातं धरायचा. ठिणग्या उडाल्या की माणसं दोन पावलं मागं सरत आणि परत चार पुढं येत. ज्याला पाहून पोरं पळत, त्याच्याभोवती आता गर्दी जमू लागली. त्याला लोक विचारू लागले आणि त्याच्याकडे सांगायलाही पुष्कळ होतं, इतकं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. एका सकाळी हत्यारांच्या दालनाबाहेर नवी पाटी लागली. वजीर अक्षरं जुळवत वाचायचा. ‘या हत्यारांची निगा: वजीर महंमद शिकलगार.’ तो पाटीसमोर बराच वेळ उभा राहिला आणि मग कोटाच्या बाहीने डोळे पुसत नळाकडे गेला. बापाने उभी हयात इथे काढली, पण त्याचं नाव कुठल्या कागदावर आलं नव्हतं.

चौऱ्याहत्तरच्या आषाढात वाघजाईवाडीचा नानासो आला. वरल्या आळीचा, पस्तिशीचा, दूध सोसायटीचा चेअरमन, बोलायला गोड. ज्याने केरबाला तोडलं, तो त्याचा सख्खा चुलता. सातव्या कपाटासमोर तो थांबला.

“बाई, ही आमची हो,” तो म्हणाला. “आमच्या दसऱ्याची. म्हातारी माणसं अजून काढत्यात हिची आठवण. एक दिवस द्या की गावाला. मिरवतो, आन् दुसऱ्या दिशी परत आणून देतो.”

अंजनाचा चेहरा उजळला. याच दिवसाची ती वाट पाहत होती. वस्तू काचेत मरून पडू नयेत, ज्यांच्या आहेत त्यांच्या हातात एकदा तरी जाव्यात, असं ती विश्वस्तांना सहा महिने सांगत होती. वजीर चार पावलांवर उभा होता. 

अंजना उतावळी नव्हती, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. जुनं काहीतरी वैर होतं एवढं तिच्या कानावर आलं होतं, म्हणून दोन्ही आळ्यांच्या संमतीशिवाय धोप हलणार नाही असं तिने ठरवलं. श्रावणात तिने संग्रहालयात बैठक घेतली. वाडीहून माणसांचा ट्रक आला. तिने गाव बोलावला होता आणि गाव म्हणजे जसे नेहमी येतात तसे पुरुषच आले. खालल्या आळीचे म्हातारे सिद्धू म्हणाले, “मेलेलं उकरायचं किती? आता पोरं शिकली, फौजेत गेली.” ठरलं असं, की शिवेपर्यंत धोप वरल्या आळीचा नानासो नेईल आणि शिवेवरून परत खालल्या आळीचा माणूस आणेल. तो कोण? सिद्धूंनीच नाव घेतलं, “केरबाचा जोतीराम. दसऱ्याला रजेवर यायचाच हाय.”  मग नानासोने उठून सिद्धूंना मिठी मारली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. धोप द्यायची पूर्वापार रीतही सिद्धूंनी सांगितली. देणाऱ्याने उघडं पातं आपल्या दोन्ही तळहातांवर घ्यायचं आणि मूठ घेणाऱ्यापुढे करायची. अंजनाने ते वहीत टिपून घेतलं.

आणि मग ती वजीरकडे वळली. “चाचा, इतकी वर्षं तुम्ही सांभाळलीत. तुमचं काय म्हणणं आहे? नको म्हणालात तर नाही देणार.”

साठ-सत्तर माथी त्याच्याकडे वळली. बोलायचं म्हटलं तर दोन वाक्यांचं काम होतं, की ही मनुबाईने कुलपात ठेवायला दिलीय, आधी तिला विचारा. पण दालनाच्या दाराशी त्याला आपलं नाव दिसत होतं आणि समोरची माणसं हसऱ्या तोंडाने वाट पाहत होती. नको म्हटलं की तो पुन्हा तोच, हात लावायचा न्हाई म्हणणारा वजीर. शिवाय त्याने मनाची समजूत काढली, की धार तर अब्बांनी मारलेलीच आहे. लोखंडाची पट्टी ती. मिरवू दे.

“लोकांची वस्तू हाय,” तो म्हणाला. “न्यावी लोकांनी.”

पुन्हा टाळ्या झाल्या. वजीरला त्या रात्रभर पुरल्या, पण सकाळी संग्रहालयात आल्यावर त्याने आधी सातवं कपाट उघडून धोपेच्या कडेवरून अंगठा फिरवून पाहिला.

भादव्यातल्या एका गुरुवारी मनुबाई आली. चोवीस वर्षांनी. केस पिकलेले, पाठ ताठ. दार उघडं असूनही ती उंबऱ्यावर थांबली आणि वजीरने ‘या, वैनी’ म्हटल्यावरच आत आली. सातव्या कपाटासमोर गेली नाही.

“जोतीरामच्या हातात द्यायचं ठरलंय म्हणं.”

“व्हय. बैठक झाली. मला बी बाईंनी समद्यांम्होरं इचारलं.”

“मग?”

“द्या म्हनलं.”

ती त्याच्याकडे पाहत राहिली. रागाने नव्हे. एखादा हिशेब जुळतो का पाहावं तशी. “तेच्या बापाला तोडलेलं हत्यार तेच्या हातात द्यायचं. मला काय कळत न्हाई बाबा. पोरगं म्हणतंय, आई, आता मिटवून टाकू. म्हणतंय तर मिटू दे.” मग तिने आवाज खाली आणला. “धार मेलेलीच हाय न्हवं?”

“अब्बांनी मारली ती तुमी बघितलीया. दगडावर हात ठिवलाय आमी.”

“तशीच जाईल?”

“तशीच जाईल, वैनी. माझा सबूद.”

एवढं ऐकून ती उठली. चहा घेतला नाही.

दसऱ्याच्या आदला दिवस म्हणजे खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा, म्हणून अंजनाने संग्रहालयात मोठा कार्यक्रम ठेवला. अंगणात तीनशे माणूस. विश्वस्त खुर्च्यांवर, सांगलीहून एक वार्ताहर, मधोमध वजीरचं चाक आणि पट्टा धरून बसलेली झुबेदा. वाडीची वरली आळी झाडून आली होती, कारण धोप त्यांनी न्यायची होती. खालल्या आळीचं कुणी नव्हतं. त्यांची पाळी उद्या शिवेवर, तोवर ते आपापल्या घरी नांगर-कुऱ्हाडी पुजत होते.

वजीरने धोप फडक्याने पुसली, चिंच-राखेने उजळली. पातं लखलखलं. तो ती नानासोच्या हातात देणार, तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “लिंबू! लिंबू दाखवा, चाचा!”

ही रीत शिकलगारांचीच होती. नवमीला हत्यार धन्याच्या स्वाधीन करण्याआधी शिकलगार दोऱ्याला टांगलेलं लिंबू त्या हत्याराने एका फटक्यात कापून दाखवतो. लिंबू कापलं गेलं तर हत्यार पूजेला योग्य आणि शिकलगाराला मानाचा नारळ. नाही कापलं तर हत्यार माघारी आणि शिकलगाराचं नाक गेलं. वजीरच्या आज्यापासून कुणाचं लिंबू चुकलं नव्हतं.

“ह्या धोपंला लिंबू न्हाई लावायचं,” वजीर म्हणाला.

“का वं? तेल पुसून पुसून हात गेला का काय?” कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. विश्वस्तही हसले. नानासोने पात्यावरून अंगठा फिरवला. “आवं चाचा, हिनं भाकरी बी तुटायची न्हाई. अशी बोथी घिऊन जाऊ व्हय देवीम्होरं?”

हसण्यात दुष्टावा नव्हता. पण वजीरच्या कानशिलाला ते चटके बसले. वार्ताहराने वहीतून मान वर केली होती. पाटीवरचं नाव सगळ्यांनी वाचलं होतं. चोवीस वर्षं ज्या हातांना कुणी तलवारीला धार लावायचं काम दिलं नाही, त्या हातांची परीक्षा आज तीनशे माणसं पाहत होती. त्याने धोप परत घेतली आणि चाकाशी बसला. मनात म्हणाला, लिंबापुरती. संध्याकाळी परत मारून टाकीन.

झुबेदाने पट्टा ओढला नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली. ती या घरात सून म्हणून आली तेव्हापासून तिला दगडावरचा तो शब्द माहीत होता.

“नका जी,” ती हळूच म्हणाली.

“ओढ.”

“अब्बांनी—”

“ओढ म्हनतो न्हवं!”

तिने ओढला. चाक फिरलं. आधी पातं कुरकुरलं, मग हाताला तो कोन सापडला आणि मग वजीरला गर्दी दिसेनाशी झाली. इतकं चांगलं पोलाद त्याच्या हाताखाली कधी आलं नव्हतं. लिंबापुरती लावायची ती धार त्याने मुठीपासून टोकापर्यंत लावली, दोनदा लावली, चामड्यावर घासून बारीक केली. उठला, आणि टांगलेल्या लिंबावरून पातं फिरलं तेव्हा लिंबू हललंसुद्धा नाही. अर्धं दोऱ्याला राहिलं आणि अर्धं खाली पडलं.

अंगण दणाणलं. नानासोने त्याला उचलून घेतलं, गळ्यात हार पडला, हातात नारळ आला. खाली टेकल्यावर त्याने पाहिलं, तर धोप वरल्या आळीच्या खांद्यावर होती, हलगी सुरू झाली होती आणि ट्रक फाटकाबाहेर निघत होता.

तो अंजनाकडे धावला. “बाई, ती धोप परत आणा. काम ऱ्हायलंय.”

“काम? लिंबाचे दोन तुकडे झाले की, चाचा!” ती आनंदात होती, तिच्याभोवती विश्वस्त होते. “काही राहिलं असेल तर उद्या तिथंच करा. तुम्हाला तर गावानं मानानं बोलावलंय.”

का, हे सांगायचं म्हणजे श्रावणातल्या बैठकीपासून सगळं सांगावं लागलं असतं. वजीरने गळ्यातला हार काढून चाकावर ठेवला.

दसऱ्याला सकाळच्या पहिल्या एस.टी.ने तो वाडीला गेला. कोटाच्या खिशात दगडाचा तुकडा होता. नानासोच्या सोप्यात धोप पाटावर ठेवलेली, कुंकू, झेंडूची माळ. वजीरने ती जरा हातात मागितली.

“काय करताय?”

“धार जरा... मारतो. लय तेज झालीया.”

“पुजा झाल्यावर हत्याराला दगड लावत्यात व्हय?” नानासोने हसून त्याचा हात बाजूला केला. “तुमी शिकलगार. तुमालाच मी सांगायचं?” मग त्याच्यासाठी चहा आला, बसायला घोंगडं आलं. वजीरला त्या घरात जेवढा मान मिळाला, तेवढा त्याच्या बापाला कुठल्या घरात मिळाला नसेल. चहा त्याने तसाच खाली ठेवला.

दुपारी खालल्या आळीच्या तोंडाशी मनुबाई भेटली. शेजारी जोतीराम, कडक इस्त्रीचा शर्ट, छातीवर पदक. चेहरा आईचा. त्याने वाकून वजीरला नमस्कार केला. मनुबाईने एकच विचारलं, “भाऊ, तशीच हाय न्हवं?”

आत्ता सांगितलं तर ती पोराला जाऊ देणार नाही. मग का नाही गेला, हे गाव विचारील. वैर पुन्हा उठेल आणि सगळ्यांचं बोट वजीरकडे येईल. तो स्वतः शिवेवर पुढे उभा राहील, पातं हातात येईल तेव्हा जोतीरामला कानात सांगेल. हे सगळं एका श्वासात त्याच्या डोक्यातून गेलं.

“तशीच हाय,” तो म्हणाला.

मनुबाई पोराला म्हणाली, “बघ, मी सांगितलं न्हवं? मेलेली हाय ती.”

चारच्या सुमाराला पालखी शिवेवर पोचली. आपट्याच्या झाडाखाली दोन्ही आळ्या समोरासमोर उभ्या. मध्ये मोकळी जागा. अंजना कडेला, हातात वही. वजीर पुढे सरकायला बघत होता, पण पाहुण्यांना पालखीच्या मागे बसवायची रीत होती आणि दोघा-तिघांनी त्याला प्रेमाने धरून तिथे बसवलं. हलग्या अशा कडाडत होत्या की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये.

नानासो पुढे झाला. त्याला धार ठाऊक होती. कालचं लिंबू त्याने पाहिलं होतं. म्हणूनच त्याने पातं तळहातांवर अलगद, तान्हं मूल घ्यावं तसं घेतलं आणि मूठ जोतीरामपुढे केली. बापाला मारणाऱ्याच्या पुतण्याने उघड्या धारेवर आपले हात ठेवले होते. यापेक्षा मोठी माफी कुठली मागायची असते?

जोतीरामला धार ठाऊक नव्हती. त्याने टाचा जुळवल्या, मूठ पकडली आणि कवायतीत शिकवतात तशी एका झटक्यात ती ओढून खांद्याला लावली.

“हळू! जोतीराम, हळू!” वजीर ओरडला. हलगीत ते विरलं.

नानासोने हात वर केले. दोन्ही तळवे आडवे उघडले होते. आधी त्यालाच कळलं नाही, मग रक्त कोपरापर्यंत आलं. हलग्या थांबल्या. काल संग्रहालयात गेलेल्या वरल्या आळीच्या प्रत्येक माणसाला धार माहीत होती, तेव्हा जोतीरामलाही ती माहीतच असणार. खांद्यावर नागवी धोप घेऊन केरबाचा पोरगा त्यांच्यासमोर उभा होता.

“बापाचा सूड घेतला रं!” कुणीतरी ओरडलं.

जोतीरामने धोप खाली टाकली. “म्या मुद्दाम न्हाई... आवं बोथी हाय ती—” एवढंच तो बोलला. शिवेवर दगडांचा ढीग होता. पहिला दगड कुणी उचलला, हे पुढे पोलिसांनाही सापडलं नाही. वजीर माणसं ढकलत, पडत, उठत पुढे येत होता आणि ओरडत होता, “धार म्या लावली! म्या लावली धार!” दोन्ही आळ्यांची तोंडं उघडी होती, त्यामुळे कुणाचे कान उघडे नव्हते.

सगळं निवलं तेव्हा जोतीराम झाडाच्या मुळाशी आडवा होता. दगड कानामागे बसला होता. अंजनाने वही टाकून पदराचा बोळा त्या जागी दाबून धरला होता आणि आता दाबायचं काही कारण उरलं नाही हे तिला कुणी सांगत नव्हतं. मनुबाई खाली बसून पोराच्या तोंडावरची माती पुसत होती.

वजीर तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. “वैनी, धार म्या लावली. काल, समद्यांम्होरं. मला सांगायचं हुतं.”

तिने मान वर केली नाही. पोराच्या कपाळावरचे केस मागे सारले.

“मला कुणी इचारलं न्हाई, भाऊ,” ती म्हणाली. “तुमास्नी बैठकीत बाईंनी इचारलं, आन् आज म्या. दोनदा इचारलं.”